पाळीत काय वापरावं? चिठ्ठ्यांच्या डब्यातले प्रश्न

यवतमाळ आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत मी बायांच्या आणि शाळकरी मुलींच्या आरोग्य बैठका घेते. पाळीचा विषय काढला की सगळ्या जणी खाली बघतात. म्हणून मी मधोमध एक रिकामा डबा ठेवते आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव लिहायचं नाही. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीच्या कानात सांगायचं. अर्ध्या तासात डबा भरतो. गावोगाव फिरून तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसह इथं मांडले आहेत. काहींची बोली मुद्दाम तशीच ठेवली आहे.

"आमी जुन्या लुगड्याचा कपडा घेतो. कपडा वाईट असते काय?"

कपडा वाईट नाही. हे आधी सांगते, कारण पॅडच्या जाहिराती बघून कपडा घेणाऱ्या बाया उगाच शरमतात. जुनं सुती लुगडं शेकडो वेळा धुवून मऊ झालेलं असतं, चांगलं शोषतं, त्यात सुगंध नाही की प्लॅस्टिक नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते २४ वयाच्या ५० टक्के मुलींनी कपडा वापरतो असं सांगितलं आणि ६४ टक्क्यांनी पॅड. बेरीज शंभरावर जाते, कारण पुष्कळ जणी घरी कपडा आणि बाहेर जाताना पॅड असं दोन्ही वापरतात.

त्रास सुरू होतो तो वाळवण्यापासून. एकदा बैठक संपल्यावर नववीतली एक मुलगी मला तिच्या घरी घेऊन गेली. तिचा कपडा कुठं वाळतो ते तिला दाखवायचं होतं. टिनाच्या पेटीमागं, ओल आलेल्या भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर तो टांगलेला होता आणि वरून आईचा फाटका परकर टाकलेला. हातात घेतला तर धुवून तीन दिवस झाले तरी दमट, आणि घडी उलगडल्यावर आत मोहरीएवढे काळे ठिपके. ती बुरशी होती. बाहेर अंगणात कडक ऊन होतं. त्या उन्हात घरातल्या सगळ्यांचे कपडे दोरीवर वाळत होते, फक्त तिचा हा कपडा नव्हता.

ओडिशातल्या बायांच्या अभ्यासात हेच दिसलं आहे. जिथं कपडा घरात, आडोशाला वाळवला जात होता, तिथं कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. त्याच राज्यातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात पुन्हा वापरायचा कपडा घेणाऱ्या बायांमध्ये संसर्गाची लक्षणं पॅडवाल्यांपेक्षा जास्त होती. हे झाकून ठेवून मी कपड्याची बाजू घेणार नाही. ज्या घरात पाणी पुरत नाही, कपडा उन्हात टाकता येत नाही, तिथं कपडा धोक्याचाच आहे.

आणखी एक बदल आपल्या लक्षात येत नाही. आजीच्या घरात सुती लुगडं होतं, आता पेटीत पॉलिस्टरच्या साड्या आहेत. त्या साडीचा तुकडा शोषत नाही, ओघळ बाजूनं जातो, घाम धरतो आणि जांघा सोलतात. कपडा म्हणजे सुती कपडा. जुनी सुती चादर, धोतर, बनियन चालेल. टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट नको.

कपडा धुवायचा आणि वाळवायचा कसा?

आधी थंड पाणी. गरम पाण्यानं रक्त धाग्यात बसतं आणि डाग पक्का होतो. थंड पाण्यात चोळून पाणी स्वच्छ यायला लागलं की साबण लावायचा, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुवायचं. धाग्यात राहिलेला साबण नंतर चरचरतो. पाळी संपली की सगळे कपडे एका वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दहा मिनिटं उकळून काढा. फिकट डाग राहिला तर राहू द्या, डाग म्हणजे घाण नव्हे.

वाळवायचं उन्हात. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ते ऊन आपल्याला नको नको होतं, पण कपड्यासाठी त्याच्यासारखं औषध नाही. तापलेली कोरडी हवा आणि उन्हातली अतिनील किरणं मिळून जंतू मारतात. दिसायला नको वाटत असेल तर वरून पातळ सुती ओढणी टाका, पण ऊन आणि वारा लागू द्या. कपड्यावर कोणाची नजर पडली, कोणी उचलून नेला तर करणी होईल, ही भीती अनेक आज्यांच्या मनात खरीखुरी असते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तुमच्या नातीला खाज सुटली आहे आणि ती रात्रभर झोपत नाही, एवढंच दाखवते. दोन-तीन आज्यांनी स्वतः दोरी बांधून दिली आहे.

पावसाळ्यात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा दमट कपडा घेण्यापेक्षा ते चार दिवस पॅड घ्यावं. कपडाच घ्यायचा असेल तर घट्ट पिळून वाऱ्यावर टांगा आणि शेवटी दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. चुलीवरच्या धुरात वाळवू नका. कोरडे कपडे स्वच्छ कापडी पिशवीत ठेवा, संडासाच्या कोनाड्यात किंवा कवेलूच्या फटीत नाही.

"घरी एवढा कापूस आहे, तो कपड्यात भरला तर?"

हा प्रश्न फक्त कापसाच्या मुलखातच येतो, आणि तो रास्त आहे. ज्या हातांनी दिवसभर कापूस वेचला त्या हातांना पॅडसाठी पैसे का मोजावे लागावेत?

उत्तर मी पाण्याच्या दोन पेल्यांनी देते. एका पेल्यात घरचा, सरकी काढलेला कापूस टाकते आणि दुसऱ्यात औषध दुकानातला. दुकानातला कापूस लगेच भिजून बुडतो. घरचा वर तरंगत राहतो, बोटानं दाबला तरी पुन्हा वर येतो. कापसाच्या धाग्यावर निसर्गानंच मेणाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे कच्चा कापूस पाणी घेत नाही. औषध दुकानातल्या कापसाचं ते मेण उकळून, प्रक्रिया करून काढलेलं असतं. म्हणजे घरचा कापूस भरला तरी रक्त शोषलं जाणार नाही, बाजूनं वाहील.

दुसरं कारण फवारणीचं आहे. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. तोच कापूस, धूळ-पाल्यासकट, शरीराच्या सर्वात नाजूक त्वचेला लावायचा नाही. माती, राख, भुसा भरलेल्या पिशव्या वापरण्याबद्दलही चिठ्ठ्या येतात. त्या अजिबात नकोत.

पॅडमध्ये नेमकं असतं काय?

बैठकीत मी एक पॅड कात्रीनं कापून दाखवते. वरची जाळी किंवा पातळ पापुद्रा बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या धाग्यांचा असतो. त्याखाली लाकडाच्या लगद्याचा पांढरा थर. त्यात साखरेसारखे बारीक दाणे मिसळलेले असतात, ते सोडियम पॉलिॲक्रिलेट. पेलाभर पाणी ओतलं की दाणे फुगून लिबलिबीत गोळा होतो आणि मुली तो हातात घेऊन बघतात. तळाला प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटवायचा डिंक. काही पॅडमध्ये सुगंधही असतो.

पॅड मऊ आणि पांढरं असलं की ते कापसाचं आहे अशी समजूत असते. बहुतेक पॅडमध्ये कापूस नसतोच, किंवा नावापुरता असतो.

"पॅडनं कॅन्सर होते म्हणतात. मूल होत नाही म्हणतात. खरं काय?"

ही भीती मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे पसरली आहे. त्यामागं एक खरी गोष्ट आहे आणि तिच्यावर चढवलेली पुष्कळ अतिशयोक्ती.

खरी गोष्ट अशी. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं २०२२ मध्ये भारतात विकली जाणारी १० प्रकारची पॅड तपासून घेतली. सगळ्यांमध्ये थॅलेट आणि हवेत उडून जाणारी काही सेंद्रिय रसायनं सापडली. थॅलेट प्लॅस्टिक लवचिक करण्यासाठी वापरतात आणि ती शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. नाजूक भागाची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा जास्त शोषते आणि एक बाई आयुष्यात हजारो पॅड वापरते, म्हणून हा प्रश्न गंभीर आहे. आपल्याकडे पाकिटावर सगळे घटक लिहिलेले सापडत नाहीत, ते लिहिलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. आपण चहाच्या पुड्यावरही आत काय आहे ते वाचू शकतो.

पण त्या तपासणीत रसायनं पॅडमध्ये आहेत हे कळलं. पॅड वापरल्यामुळे अमुक बाईला कॅन्सर झाला किंवा मूल राहिलं नाही, असं त्यात कुठंही दाखवलेलं नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू आहे, जो लैंगिक संबंधातून पसरतो. त्यावर लस आहे, आणि तिशीनंतर सरकारी दवाखान्यात व्हिनेगरसारखं द्रव लावून साधी तपासणी होते. ती दुखत नाही. पॅडच्या भीतीनं रात्र जागवणाऱ्या किती बायांनी ती तपासणी केली आहे हे मी विचारते, तेव्हा एखादाच हात वर होतो.

जुना आक्षेप ब्लीचिंगचा आहे. लगदा क्लोरीन वायूनं पांढरा केला की डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. आता बहुतेक मोठे उत्पादक त्या वायूशिवाय ब्लीच करतात. तरी दुधासारखं पांढरंशुभ्र पॅड जास्त स्वच्छ असतं हा समज मनातून काढून टाका.

मग पॅड घेताना काय बघायचं?

बिनवासाचं घ्या. सुगंधाची रसायनं पुरळ उठवतात आणि वाईट वास आलाच तर तोही झाकला जातो, जो आपल्याला कळायला हवा. प्लॅस्टिक जाळीऐवजी कापडासारखा मऊ वरचा थर असलेलं बघा. पाकीट बंद असावं, तारीख उलटलेली नसावी, ओल लागलेली नसावी. गावातल्या दुकानात खताच्या पोत्याशेजारी फाटकी पाकिटं पडलेली असतात, ती घेऊ नका. सॅनिटरी पॅडसाठी आयएस ५४०५ हे भारतीय मानक आहे. १९८० चं हे मानक २०१९ मध्ये सुधारलं गेलं. पाकिटावर तो आकडा शोधा. बचत गटाकडून पॅड घेत असाल तर तपासणीचा अहवाल मागायला लाजू नका. गटाच्या बायांनाही त्यामुळे कच्चा माल पुरवणाऱ्याला जाब विचारता येतो.

स्वस्तात हवं असेल तर जनऔषधी केंद्रातलं सुविधा पॅड २०१९ पासून १ रुपयाला एक मिळतं. आशाताईंकडेही ६ पॅडचं पाकीट ६ रुपयांत देण्याची योजना आहे, साठा आला का ते विचारून घ्या. सुविधा पॅडवर ऑक्सो-बायोडिग्रेडेबल असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते शेणासारखं मातीत मुरतं असा नाही. अशा प्लॅस्टिकचे बारीक तुकडे होतात आणि तेवढ्याच कारणानं युरोपीय संघानं २०२१ मध्ये त्या प्रकारच्या प्लॅस्टिकवर बंदी घातली. वापरायला हरकत नाही, पण वावरात पुरू नका.

"मिटिंगमध्ये हिरव्या पट्टीचं पॅड दाखवते. त्यानं पोटदुखी, कंबरदुखी जाते काय?"

नाही. पट्टीतून ॲनायन म्हणजे ऋणभाराचे कण निघतात असं सांगून साखळी पद्धतीनं विकली जाणारी ही पॅड दोन-तीनपट दरानं गळ्यात मारतात आणि सदस्य व्हायला सांगतात. पट्टीमुळे आजार बरे होतात याला पुरावा नाही. उलट ॲनायनच्या नावाखाली वापरल्या जाणाऱ्या काही खनिजांमध्ये नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. एका विधवा बाईनं मजुरीचे साठवलेले पैसे त्या साखळीत घातलेले मी पाहिले आहेत, म्हणून एवढ्या कडक शब्दांत लिहिते.

बांबू, केळीचा धागा, सेंद्रिय कापूस अशी नावं असलेली पॅड त्यापेक्षा प्रामाणिक असू शकतात, त्यात प्लॅस्टिक कमी असतं. पण टॉक्सिक्स लिंकच्या त्या १० पॅडमध्ये सेंद्रिय म्हणवणारीही होती आणि रसायनं त्यांच्यातही निघाली. पाकिटावरच्या हिरव्या पानाला भुलून दुप्पट पैसे देऊ नका.

एक पॅड किती तास ठेवायचं?

चार ते सहा तास. कमी जात असलं तरीही. जाहिरातीतले बारा तास विसरा.

हे सांगणं सोपं आहे हे मला कळतं. सकाळी सातला निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी सहाला घरी येते, वावरात आडोसा नाही, पाण्याची एकच कॅन. मुलींच्या शाळेत संडास आहे पण कडी नाही. मी स्वतः शाळेत असताना सकाळचं पॅड संध्याकाळी घरी येऊन बदलत असे, दोन्ही जांघांत सोललेलं असायचं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. म्हणून आता बायांना म्हणते, मुकादमाशी बोलायचं ते चौघींनी मिळून बोला: धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन काठ्या रोवून जुन्या साडीचा आडोसा. खर्च काहीच नाही.

"रोवणीत पॅड पाणी पिऊन फुगते. काय कराव?"

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातला हा प्रश्न आहे. रोवणी म्हणजे भाताची लावणी. बांधीत दिवसभर वाकून, लुगडं ओलंचिंब. पॅडमधले ते दाणे रक्त आणि चिखलाचं पाणी वेगळं ओळखत नाहीत, जे मिळेल ते पिऊन फुगतात. पॅड वजनानं खाली येतं, घासतं, आणि घाणीचं पाणी त्वचेला लागून राहतं. अशा कामात पातळ सुती कपडा दर दोन-तीन तासांनी बदलणं त्यापेक्षा बरं. सर्वात सोयीचा मात्र कप, कारण तो आत असतो आणि बाहेरच्या पाण्याशी त्याचा संबंध येत नाही.

कप म्हणजे काय? तो सुरक्षित आहे का?

वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची मऊ, घंटेसारखी वाटी. ती दुमडून योनीमार्गात बसवायची. आत गेली की उघडते आणि रक्त शोषण्याऐवजी साठवते. बहुतेक कपांत २० ते ३० मिलिलिटर मावतं. पूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दिवसातून दोन-तीनदा रिकामा केला तरी पुरतो. कंपन्या बारा तास म्हणतात, मी आठ सांगते.

लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा, सुमारे ३,३०० बाया-मुलींचा आढावा आला. गळती पॅडइतकीच किंवा कमी, संसर्गाचा धोका वाढलेला नाही, पण शिकायला दोन-तीन पाळ्या जातात, असा त्याचा निष्कर्ष. जंतूंच्या विषानं होणारा टॉक्सिक शॉक हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार कप वापरणाऱ्यांतही झाल्याची पाच प्रकरणं त्यात नोंदली आहेत. पाळीत कप आत असताना अचानक सणकून ताप, उलट्या, अंगावर लाल चट्टे, चक्कर असं झालं तर कप काढून लगेच दवाखाना गाठायचा. केरळमधल्या कुंबलंगी या गावानं जानेवारी २०२२ मध्ये बायांना कप वाटून गाव पॅडमुक्त करायचं ठरवलं, तेही मासेमारी करणारं, पाण्यानं वेढलेलं गाव आहे.

पैशाचा हिशेब फळ्यावर मांडला की बाया पुढं सरकतात. महिन्याला २० पॅड, ६ रुपयांना एक धरलं तर वर्षाला १,४४० रुपये. चांगला कप ५०० रुपयांच्या आसपास येतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षं टिकतो. बाजारात शंभर रुपयांतही कप दिसतात, पण वैद्यकीय सिलिकॉनचा उल्लेख नसलेला कप घेऊ नका.

घालताना नखं कापलेली, हात साबणानं धुतलेले. उकिडवं बसून, श्वास सोडत, अंग सैल ठेवून. काढताना देठ ओढायचा नाही. तळ चिमटीत दाबला की आतली हवा सुटते आणि कप सहज येतो. देठ ओढून रडकुंडीला आलेली बाई मी पाहिली आहे, कप हरवला असं तिला वाटलं होतं. तो हरवत नाही, वरची वाट बंद असते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला वेगळ्या भांड्यात पाच ते दहा मिनिटं उकळायचा.

कॉपर-टी बसवली असेल तर आधी नर्सताईंना विचारा, कप ओढताना ती निसटू शकते. बाळंतपणानंतर सहा आठवडे नको. अंग (गर्भाशय) बाहेर येत असेल किंवा पांढरं जाण्याचा त्रास चालू असेल तर आधी उपचार.

लग्न न झालेल्या मुलीनं कप वापरला तर?

शरीराला अपाय होत नाही. योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा ताणला जाऊ शकतो, तो सायकल चालवतानाही ताणला जातो. त्यावरून कोणाचं चारित्र्य ठरत नाही. तरीही गावात राहायचं आहे, त्यामुळे मुलीवर मी कप लादत नाही. तिला नीट माहिती असावी आणि निर्णय तिचा असावा.

शिवलेले कापडी पॅड, टॅम्पॉन, पाळीची निकर, यांचं काय?

शिवलेलं कापडी पॅड म्हणजे आपला कपडाच, फक्त बटणं लावलेला आणि आत जाड सुती थर असलेला. ते सरकत नाही, सायकलवर जाणाऱ्या मुलींना आवडतं. शिलाई मशीन असेल तर घरी होतं. खालच्या थराला रेनकोटचं कापड लावू नका, हवा बंद होते. धुण्या-वाळवण्याचे नियम तेच.

टॅम्पॉन आपल्याकडे क्वचित दिसतं. १९८० मध्ये अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे टॉक्सिक शॉकची साथच आली होती. मी ते सुचवत नाही. पाळीची निकर चांगली आहे, पण महाग आहे आणि धुतल्यावर वाळायला फार वेळ घेते.

पॅडनं पुरळ उठतं, आग होते. पावडर लावू का?

पावडर नको. ओल, उष्णता आणि घर्षण ही तीन कारणं आहेत. पॅड लवकर बदला, बिनवासाचं घ्या, सैल सुती निकर घाला, रात्री खोबरेल तेल लावा, शक्य असेल तर घरी असताना कपडा घ्या. तरीही प्रत्येक महिन्याला होत असेल तर त्या पॅडचा डिंक किंवा सुगंध तुम्हाला मानवत नाही, प्रकार बदला. पाणी धरलेले फोड किंवा चिघळलेली जखम असेल तर दाखवा.

डेटॉल किंवा साबणानं आतून धुवावं का?

कधीच नाही. योनी आतून स्वतःची सफाई स्वतः करते. तिथं चांगले जंतू आम्लता राखतात आणि साबण त्यांनाच मारतो. बाहेरून साधं पाणी, पुढून मागं. जाहिरातीतल्या खास द्रवांची गरज नाही.

वापरलेलं पॅड टाकायचं कुठं?

दुकानदार पॅड काळ्या पन्नीत देतो आणि आपण त्याच काळ्या पन्नीत गुंडाळून नालीत टाकतो. पावसाळ्यात नाली तुंबते, कुत्री पॅड ओढून अंगणात आणतात, बैलांच्या गोठ्यात सापडतात. संडासात टाकलं तर शोषखड्डा बंद पडतो. प्लॅस्टिकचं पॅड आपल्या हयातीत कुजत नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना पॅडसोबत गुंडाळायला पाकीट देणं बंधनकारक केलं आणि ते नसेल तर दुसऱ्या योग्य वेष्टनात गुंडाळून वेगळं द्यायला सांगितलं. शहरात ठीक आहे. पण ज्या गावात घंटागाडीच येत नाही तिथं देणार कोणाला? चुलीत जाळू नका, प्लॅस्टिकचा धूर स्वयंपाकघरात विष पसरवतो. शाळेत बसवलेलं छोटं जळीत यंत्र धुरकट जळत असेल तर तेही तसंच. त्याला ८०० अंशांच्या वर उष्णता लागते. ग्रामसभेत पॅडच्या कचऱ्यासाठी वेगळ्या डब्याची आणि तालुक्याला नेऊन देण्याची मागणी लिहून द्या. तोवर विहिरीपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात टाका. हा उपाय चांगला नाही, पण नालीपेक्षा बरा आहे. कपडा आणि कप यांच्या बाजूनं माझं मन झुकतं त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

"कुर्मात राहावं लागते. तिथं काय न्याव?"

गडचिरोलीतल्या माडिया-गोंड मुलीची चिठ्ठी होती. पाळीत गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचं, तिथं दिवा नाही, पाणी लांब. ही पद्धत बंद व्हावी असं मला वाटतं आणि ते मी गावातल्या बायांसमोर बोलते, त्यांच्या माघारी नाही. पण ज्या मुलीला आज रात्री तिथं झोपायचं आहे तिला भाषण देऊन उपयोग नाही. तिनं न्यावं: कोरडे सुती कपडे सहा-सात, साबण, झाकणाचा डबा, पाण्याची कॅन, टॉर्च, मच्छरदाणी, आणि कपडे वाळवायला दोरी. तिथं निदान एक सोय आहे, कोणापासून लपवायचं नाही, कपडा सरळ उन्हात टाकता येतो. ताप आला किंवा खूप रक्त गेलं तर रिवाज बाजूला ठेवून दवाखान्यात न्यायचं, हे गावातल्या मोठ्या बायांकडून आधीच कबूल करून घ्यावं.

दवाखान्यात कधी जायचं?

पॅड किंवा कपडा दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजत असेल, पाळी सात दिवसांच्या वर जात असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मधे किंवा पाळी बंद झाल्यावर अंगावरून जात असेल, तर थांबू नका. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना रक्तक्षय आहे. जास्त रक्त जाणं आपल्याला परवडत नाही. पांढरं जाण्याला घाण वास, हिरवट-पिवळा रंग, दह्यासारखे कण किंवा खाज असेल तर तो संसर्ग आहे आणि तो औषधानं बरा होतो. त्यासाठी गर्भपिशवी काढायची गरज नसते. कोणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये ती छापून आली. ९२ टक्के बायांना एक तरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजही चिठ्ठ्या वाचताना मला तो दुसरा आकडा आठवतो. सांगायला बाईमाणूस हवं असेल तर आशाताईंना सोबत न्या. मुलींसाठी ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, आणि १०४ या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

"माही पोरगी १२ वर्षांची आहे. तिची माय नाही. मी काय आणून देऊ?"

ही चिठ्ठी एका वडिलांनी मुलीच्या शिक्षिकेमार्फत पाठवली होती. भाऊ, पाळी यायच्या आधीच तिच्याशी बोला. आत्या किंवा आशाताई तपशील सांगतील, पण दर महिन्याला थोडं रक्त जातं, तो आजार नाही आणि काही लागलं तर मला सांग, हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. बिनवासाच्या पॅडची दोन पाकिटं आणा. सहा सुती निकर आणा. मऊ सुती कापडाचे हातभर लांबीचे आठ तुकडे कापून, उकळून, वाळवून एका कापडी पिशवीत ठेवा, तिला जे सोसेल ते ती वापरेल. शाळेच्या दप्तरात एक पॅड, एक निकर आणि कागदाचा तुकडा कायम असू द्या. न्हाणीला आतून कडी लावून घ्या, तिथं झाकणाची एक बादली आणि वेगळा साबण ठेवा. आणि अंगणातल्या दोरीवर उन्हाकडची जागा तिला द्या. कोणी विचारलं तर पोरीचे कपडे आहेत एवढंच सांगा.